साइटवर थांबलेले तास म्हणजेच बांधिलकी का? बिलिंगला जावे की साइटवरच राहावे?

प्लिंथ (प्रश्न)

नमस्कार.

मी स्थापत्य अभियंता आहे आणि गेली नऊ वर्षे पुण्यात निवासी इमारतींच्या साइटवर, प्रत्यक्ष बांधकामाच्या बाजूला काम करते आहे. सध्या एका बावीस मजली इमारतीचे आरसीसी काम, म्हणजे सळई घातलेल्या काँक्रीटचा सांगाडा, माझ्याकडे आहे. सळई आणि शटरिंग (काँक्रीट ओतण्याचे साचे) तपासणे, स्लॅब टाकून घेणे, ताकद तपासण्यासाठी काँक्रीटचे ठोकळे म्हणजे क्यूब भरून घेणे, मुकादमांकडच्या माणसांची नोंद ठेवणे आणि रोजचा प्रगती अहवाल पाठवणे हे सगळे माझ्या सहीने होते. हे काम मला मनापासून आवडते, आणि म्हणूनच हा प्रश्न मला इतके दिवस छळतो आहे.

माझी मुलगी अडीच वर्षांची आहे. तिचे पाळणाघर संध्याकाळी सात वाजता बंद होते. माझे पती कारखान्यात तीन पाळ्यांमध्ये काम करतात. पहिल्या आणि तिसऱ्या पाळीच्या आठवड्यांत ते तिला घरी आणतात, पण त्यांची दुसरी पाळी असली की मला सव्वासहाला साइट सोडावीच लागते. माझे आईवडील लातूरला असतात आणि सासूबाईंना गुडघ्यांमुळे आमचे तीन जिने चढता येत नाहीत, त्यामुळे तिसरा हात घरात नाही.

गेल्या वर्षभरात आमचे सोळा स्लॅब झाले. त्यांपैकी तेरा स्लॅबना शेवटचा मिक्सर रिकामा होऊन वरचे फिनिशिंग संपेपर्यंत मी उभी होते आणि त्यातले चार मध्यरात्रीनंतर संपले. उरलेल्या तीन वेळी मी कनिष्ठ अभियंत्याच्या हाती तपासणीचा तक्ता आणि उरलेल्या काँक्रीटचा हिशेब दिला, सळई दाट असल्यामुळे कुठल्या बीमपाशी काँक्रीट हलवून घट्ट बसवणारा व्हायब्रेटर नीट चालवून घ्यायचा हे प्रत्यक्ष दाखवले आणि मग निघाले. त्या तिन्ही स्लॅबच्या अठ्ठावीस दिवसांच्या क्यूबचे निकाल व्यवस्थित आले. तरीही यंदाच्या वार्षिक मूल्यमापनात 'तांत्रिक काम उत्तम, कामाशी बांधिलकी अपेक्षेपेक्षा कमी' असा शेरा आला, आणि कारण विचारले तेव्हा वरिष्ठांनी त्या तीन संध्याकाळींचाच उल्लेख केला.

आता माझ्यापुढे दोन प्रस्ताव आहेत. एक म्हणजे मुख्य कार्यालयात बिलिंग विभागात, म्हणजे झालेल्या कामाची मोजमापे आणि देयके तपासण्याच्या कामावर, बदली, जिथे वेळ साडेनऊ ते सहा आहे असे सांगितले जाते. दुसरा म्हणजे चाकणच्या पुढच्या नव्या साइटवर बढती, जिथे जाण्यायेण्यातच रोज तीन तास जातील. महिनाअखेरपर्यंत उत्तर द्यायचे आहे. तीन वेळा वेळेवर निघाले म्हणून माझी कामावरची निष्ठा कमी ठरते का, आणि जे या वाटेने गेले आहेत त्यांनी अशा वेळी काय केले, हे मला जाणून घ्यायचे आहे. माहेरच्या किंवा सासरच्या माणसांना बोलावून घे, हा सल्ला कृपया देऊ नये. तो मार्ग आम्ही तपासून पाहिला आहे.

ओळंबा

ताई, मी या व्यवसायात चोवीस वर्षे आहे. त्यातली पहिली दहा वर्षे नाशिक आणि मराठवाड्यातील पुलांच्या कामांवर गेली आणि आता मी नियोजन विभाग सांभाळते. तुमचा प्रश्न वाचल्यावर बांधिलकीच्या आधी मला तुमचे स्लॅब आठवले. सोळातले चार स्लॅब मध्यरात्रीनंतर का संपले, हा प्रश्न तुमच्या वरिष्ठांना कोणी विचारला आहे का?

साधा हिशेब करून पाहा. समजा, तुमचा एक स्लॅब १२० घनमीटरचा आहे. एका मिक्सरमध्ये सहा घनमीटर धरले तर वीस गाड्या होतात. पंप लावूनही शहरातल्या साइटवर तासाला वीस घनमीटरच्या आसपास काम झाले तर पुष्कळ, म्हणजे सहा तास ओतकाम आणि वर दीड-दोन तास फिनिशिंग. सकाळी आठला पहिली गाडी लागली तर चार वाजता माणसे हात धुतात. तीच गाडी दुपारी चारला लागली तर मध्यरात्र ठरलेलीच आहे. मग ती चारला का लागते? माझ्या अनुभवात त्याचे कारण बहुतेक वेळा एकच निघते : सळईची शेवटची तपासणी त्याच दिवशी सकाळी सुरू होते, सल्लागाराचा माणूस अकराला येतो, तो चार ठिकाणी कव्हर ब्लॉकच्या (सळई आणि साचा यांत अंतर राखणाऱ्या ठोकळ्यांच्या) आणि दोन ठिकाणी लॅपच्या (दोन सळयांच्या एकमेकींवर येणाऱ्या टोकांच्या) लांबीच्या चुका दाखवतो, ते दुरुस्त करण्यात दुपार जाते, आणि तोवर तयार काँक्रीट पुरवणाऱ्या आरएमसी प्लांटने आपल्या गाड्या दुसऱ्या साइटला दिलेल्या असतात. त्या रात्री थांबणाऱ्या माणसाचे कौतुक होते, पण आदल्या दिवशी तपासणी पुरी करून घेतली असती तर कोणालाच थांबावे लागले नसते, हे कुठल्याही शेऱ्यात येत नाही. नियोजनातली उणीव माणसांच्या घरच्या वेळेतून भरून काढली जाते, आणि घरची वेळ द्यायला जिच्याकडे कमी असते तिच्या नावापुढे कमी बांधिलकी लिहिली जाते.

मी स्वतः थांबत असे, हेही सांगते. माझा मुलगा दोन ते पाच वर्षांचा होईपर्यंत साताऱ्याला सासूबाईंकडे होता आणि मी पंधरा दिवसांतून एकदा त्याला भेटत असे. त्या काळात माझ्या निष्ठेबद्दल जे चांगले लिहिले गेले त्याचा मोठा वाटा सासूबाईंच्या श्रमांचा होता. त्यांचे नाव अर्थातच कुठे आले नाही. तो काळ मी आज पुन्हा तसाच जगेन का, याचे उत्तर मला खात्रीने देता येत नाही, आणि म्हणून तुम्ही त्या मार्गाची शिफारस नको म्हणालात ते मला योग्य वाटले.

मी मुंबईच्या व्हीजेटीआय या अभियांत्रिकी संस्थेची विद्यार्थिनी. १९५३ मध्ये शकुंतला भगत याच संस्थेतून स्थापत्य अभियंता झाल्या. देशातील पहिली स्त्री स्थापत्य अभियंता म्हणून त्यांचे नाव घेतले जाते आणि पुढे त्यांनी पोलादी पुलांच्या रचनेत मोठे काम केले. त्यांच्यानंतर सत्तर वर्षांनीही आपण साइटवरून सव्वासहाला निघाल्याचा खुलासा देतो आहोत, याचे मला वाईट वाटते.

माझे म्हणणे असे की केवळ शेऱ्याने दुखावून बिलिंगला जाऊ नका. आधी त्या शेऱ्याला लेखी उत्तर द्या. सोळाही स्लॅबच्या सुरू होण्याच्या आणि संपण्याच्या वेळा, प्रत्येक उशिराचे कारण आणि क्यूबचे निकाल एका पानावर मांडा. त्या पानावर आपली बाजू मांडण्याचा सूर नको. पुढचे स्लॅब संध्याकाळच्या आत संपवण्याचा प्रस्ताव म्हणून ते द्या.

गोदाकाठ

मी प्रकल्प व्यवस्थापक आहे आणि अशा प्रकारचे शेरे मी स्वतः लिहिले आहेत, त्यामुळे टेबलाच्या पलीकडची बाजू मांडणे मला आवश्यक वाटते.

ओळंबा मॅडमचा हिशेब बरोबर आहे, पण सगळाच उशीर नियोजनातून येत नाही. शहरात गर्दीच्या वेळी अवजड वाहनांना बंदी असते, पंपाची पाइपलाइन तुंबते, जुलैत अचानक सर येते आणि अर्धवट ओतलेल्या स्लॅबवर ताडपत्री धरावी लागते. काँक्रीट प्लांटवर मिसळल्यापासून साधारण दोन तासांत ओतून संपवावे लागते, आणि दोन गाड्यांमध्ये फार अंतर पडले की आधीच्या थरावर कोल्ड जॉइंट, म्हणजे दोन थर एकजीव न झालेला कच्चा सांधा, तयार होतो. रात्री आठ वाजता वाहतुकीत अडकून आलेली गाडी परत पाठवायची की घ्यायची, हा निर्णय कोणीतरी जागेवर उभे राहून घ्यावाच लागतो. ती गाडी परत पाठवली तर पैसे जातात आणि घेतली तर बीम जाऊ शकतो.

म्हणून मी प्लिंथ मॅडमना एक गोष्ट विचारतो. तुम्ही निघालात तेव्हा त्या कनिष्ठ अभियंत्याला गाडी नाकारण्याचा अधिकार होता का? तक्ता त्याच्या हाती होता, हे तुम्ही लिहिले आहे. पण दोन वर्षांच्या अनुभवाच्या मुलाने गाडी परत पाठवली असती तर दुसऱ्या दिवशी त्याच्यामागे कोण उभे राहिले असते? वरिष्ठांना अस्वस्थता असेल तर ती बहुधा इथली असणार, आणि ती नीट शब्दांत मांडण्याऐवजी त्यांनी बांधिलकी हा सोपा शब्द वापरला, असे मला वाटते. मीही तसेच केले होते. माझ्या हाताखालच्या एका अभियंता मुलीबद्दल मी असा शेरा लिहिला, तिने चार महिन्यांनी राजीनामा दिला, आणि तिच्या जागी आलेला मुलगा रोज रात्री नऊपर्यंत थांबत असूनही त्याच्या काळात दोन स्तंभांची रांग चुकली. तेव्हा मला कळले की मी हजेरी मोजत होतो. त्या मुलीला मी नंतर फोन करून चूक कबूल केली, पण ती तोवर सरकारी नोकरीच्या परीक्षेच्या तयारीला लागली होती.

त्यानंतर आमच्या साइटवर दोन बदल केले. पहिला असा, की स्लॅबच्या आदल्या दिवशी दुपारी चारपर्यंत सळई, शटरिंग आणि विद्युत पाइपांच्या तपासणीवर तिन्ही सह्या झाल्या नाहीत तर दुसऱ्या दिवशीचे काँक्रीट रद्द होते. सुरुवातीला दोन स्लॅब रद्द झाले, मालकांचा रोष मी पत्करला आणि तिसऱ्यापासून सगळे सुधारले. दुसरा बदल असा, की काम हाती देताना अधिकारही लेखी दिला जातो आणि त्या संध्याकाळी त्या माणसाचा निर्णय अंतिम धरला जातो. हे अभियंता बाईंच्या सोयीसाठी केले असे कोणी म्हणत असे, पण सगळ्यात आधी त्याचा उपयोग माझ्या फोरमनला झाला, कारण त्याच्या वडिलांचे डायलिसिस आठवड्यातून दोनदा संध्याकाळी असे.

मोजमाप वही

साडेनऊ ते सहा, या आश्वासनावर जाऊन बिलिंगला येऊ नका, एवढे सांगण्यासाठी लिहिते आहे.

मी मुलगा झाल्यावर साइट सोडून बिलिंगला आले, त्याला सात वर्षे झाली आणि मला पश्चात्ताप नाही. चालू देयकाच्या दिवसांत, म्हणजे महिन्याच्या साधारण अठ्ठावीस तारखेपासून पुढच्या पाच तारखेपर्यंत, आम्हीही रात्री आठ-साडेआठपर्यंत बसतो. फरक इतकाच, की तो उशीर आधीपासून ठाऊक असतो आणि त्याची व्यवस्था लावता येते. साइटवर दुपारी तीन वाजता कळते की आज मध्यरात्र होणार. मला त्रास तासांचा फारसा नव्हता, त्या अनिश्चिततेचा होता.

बिलिंग हे दुय्यम काम आहे हा समजही मला मान्य नाही. ज्याने पायाची खोली आणि दगडी सोलिंग मातीखाली झाकले जाण्याआधी डोळ्यांनी पाहिले आहे, तोच उपकंत्राटदाराच्या मोजमापातली चूक पकडू शकतो. सळईचा ताळमेळ लावताना वाया गेलेल्या टक्क्यामागे कटिंगचा दोष आहे की चोरी, हे साइटवर काम केलेल्या माणसालाच उमगते. इथे तुमची नऊ वर्षे वाया जाणार नाहीत.

मात्र परतीची वाट अवघड आहे, हे सांगायला हवे. तीन वर्षांनी मी पुन्हा साइट मागितली तेव्हा आता सवय राहिली नसेल असे उत्तर मिळाले. म्हणून यायचे असेल तर मुदत लेखी घ्या : अठरा महिने किंवा दोन वर्षे, आणि त्यानंतर याच पदावर साइटवर परत.

आलेख

मी अभियांत्रिकी महाविद्यालयात बांधकाम व्यवस्थापन शिकवतो. आमचे विद्यार्थी प्रकल्पांसाठी बांधिलकी आणि घर-काम संतुलन यांवर प्रश्नावल्या भरून घेतात, आणि त्या वाचताना या चर्चेतला घोटाळा मला वारंवार दिसतो.

बांधिलकी या एका शब्दाखाली तीन निराळ्या गोष्टी येतात. मेयर आणि अ‍ॅलन या अभ्यासकांनी १९९१ मध्ये केलेली विभागणी आजही वापरली जाते. काम आपले वाटते म्हणून माणूस टिकतो, ही एक. सोडल्यास नुकसान होईल, घराचा हप्ता थकेल म्हणून टिकतो, ही दुसरी. संस्थेने आपल्यासाठी केले आहे, सोडणे बरे नव्हे म्हणून टिकतो, ही तिसरी. तिन्ही प्रकारची माणसे हजेरीपटावर सारखीच दिसतात. रात्री नऊपर्यंत थांबणारा माणूस यांपैकी कुठल्या कारणाने थांबला आहे हे घड्याळावरून कळत नाही. प्लिंथ ताईंच्या लिखाणात मला पहिला प्रकार स्पष्ट दिसतो, आणि असा शेरा सर्वांत आधी त्याच प्रकाराला मारतो. त्यानंतर ती व्यक्ती नोकरीत राहिली तरी दुसऱ्या कारणाने राहते, आणि तेव्हा ती झाकल्या जाणाऱ्या सळईकडे पूर्वीच्याच आस्थेने पाहील असे गृहीत धरता येत नाही.

घर आणि काम यांच्यातल्या संघर्षाचेही तसेच आहे. ग्रीनहाउस आणि ब्यूटेल यांनी १९८५ मध्ये त्याचे तीन उगम सांगितले : वेळेचा, ताणाचा आणि वागण्याच्या रीतीचा. वेळेबद्दल इथे सगळ्यांनी लिहिले. तिसऱ्याकडे मी लक्ष वेधतो. दिवसभर मुकादमांशी चढ्या आवाजात, नकार देत, संशयाने बोलावे लागते आणि अर्ध्या तासाने लहान मुलीशी बोलायचे असते. हा बदल पुरुषांनाही करावा लागतो, पण घरी आल्यावर त्यांनी तासभर गप्प बसणे आपल्याकडे चालवून घेतले जाते.

आणखी एक मुद्दा कायद्याचा. १९९६ च्या इमारत व इतर बांधकाम कामगार कायद्यात कामगाराच्या व्याख्येतून देखरेखीचे काम करणारा आणि महिना १,६०० रुपयांहून अधिक वेतन घेणारा माणूस वगळलेला होता. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत ही रक्कम १८,००० झाली. म्हणजे मजुराच्या कामाच्या तासांना कागदावर तरी मर्यादा आहे, पण साइट अभियंत्याच्या तासांना ती लागू होत नाही. नियुक्तिपत्रात वेळ काय लिहिली आहे ते पाहून ठेवा, कारण प्रत्यक्षात तेवढाच आधार हाती असतो.

अंगणवेल

मी अभियंता नाही. गेली अकरा वर्षे बांधकामाच्या जागांवर मजुरांच्या मुलांची पाळणाघरे चालवण्याचे काम करते. ही चर्चा वाचताना मला सारखे वाटत होते, की ज्या स्लॅबबद्दल आपण बोलतो आहोत त्यावर घमेली वाहणाऱ्या आणि दुसऱ्या दिवसापासून पाणी मारणाऱ्या बायकांचा यात कुठेच उल्लेख नाही. घर आणि काम यांच्यातली ओढाताण त्यांच्या वाट्याला सर्वांत जास्त येते.

आमच्याकडे येणाऱ्या बायका कलबुर्गी, नांदेड, यवतमाळ, छत्तीसगड अशा ठिकाणच्या आहेत. लेबर कॅम्पमध्ये पाणी पहाटे येते, म्हणून त्या साडेचारला उठतात, पाणी भरतात, दोन वेळचा स्वयंपाक करतात आणि आठला साइटवर हजर होतात. शौचालय लांब किंवा घाणेरडे असते म्हणून दिवसभर पाणी कमी पितात आणि उन्हाळ्यात आजारी पडतात. नवरा बिगाऱ्याचा मिस्त्री होतो, पण बाई वीस वर्षांनीही बिगारीच राहते, कारण थापी तिच्या हाती देऊन शिकवायला कोणी थांबत नाही. अनेक ठिकाणी मजुरी जोडीची धरतात आणि हिशेब नवऱ्याच्या नावावर होतो. मग बांधकाम कामगारांच्या कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करायची वेळ आली, की वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला तिच्या नावाने निघत नाही, आणि प्रसूतीच्या साहाय्यावरचा तिचा हक्क तिथेच संपतो. मुलाला ताप आला म्हणून ती दोन दिवस आली नाही, तर मुकादम म्हणतो की बायकांचे कामात लक्ष नसते. प्लिंथ ताईंना लेखी मिळालेला शेराच तिला तोंडी ऐकवला जातो.

१९६९ मध्ये मीरा महादेवन यांनी दिल्लीत राजघाटाजवळच्या बांधकामावर तंबूत पाळणाघर सुरू केले, कारण आया काम करीत असताना बाळे तिथेच मातीत, उन्हात पडलेली त्यांनी पाहिली. पुढे मुंबई-पुण्यातही हे काम रुजले. १९९६ च्या कायद्याने पन्नासहून अधिक स्त्री कामगार असतील तिथे सहा वर्षांखालील मुलांसाठी खोली बंधनकारक केली. या पन्नासच्या आकड्याशी आम्ही वर्षानुवर्षे झगडलो. शटरिंगचा कंत्राटदार वेगळा, प्लास्टरचा वेगळा, टाइल्सचा वेगळा, आणि प्रत्येकाकडे बारा-पंधरा बायका. सगळ्या मिळून सत्तर असल्या तरी कोणाचीच यादी पन्नासपर्यंत पोहोचत नाही. प्रसूती लाभ कायद्यात २०१७ मध्ये दुरुस्ती झाली तेव्हा स्त्री-पुरुष मिळून पन्नास कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघर बंधनकारक झाले आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाण्याची मुभा मिळाली. २०२० च्या संहितेतही पन्नासहून अधिक कामगार अशीच भाषा आहे, निव्वळ स्त्री कामगारांची मोजणी नाही. हा फरक साइटवरच्या फार थोड्या लोकांना ठाऊक असतो.

पाळणाघर सुरू झालेल्या साइटवर मी एक गोष्ट पाहिली आहे. पहिल्या महिन्यात आया दर तासाला डोकावून जातात. तिसऱ्या महिन्यात दुपारच्या सुट्टीशिवाय येत नाहीत, आणि मुकादम स्वतःहून सांगतो की आता खाडे कमी झाले. त्यांच्या कामावरच्या निष्ठेत तीन महिन्यांत काही बदल झालेला नसतो. मूल शटरिंगच्या टेकूंना बांधलेल्या साडीच्या झोळीत नाही, एवढेच बदललेले असते.

ताई, तुमच्या साइटवर किती बायका आहेत, किती मुले आहेत, आणि ती दिवसा कुठे असतात? हे विचारण्यामागे दोष देण्याचा हेतू नाही. साइटवर खोली मागण्याचा अधिकार त्या बायकांना वापरता येत नाही, पण तुमच्या सहीने प्रस्ताव जाऊ शकतो.

प्लिंथ

सर्वांचे मनापासून आभार. चार दिवस उत्तर दिले नाही, कारण ओळंबा ताईंनी सांगितलेले पान तयार करत होते.

सोळा स्लॅबच्या वेळा काढल्या. पहिली गाडी सकाळी नऊच्या आत लागली असे पाचच स्लॅब निघाले. अकरा वेळा उशीर झाला, त्यांपैकी आठ वेळा कारण त्याच दिवशी चाललेली तपासणी हेच होते, आणि त्यातल्या तीन वेळा दिरंगाई माझी स्वतःची होती, हेही मी त्या पानावर लिहिले आहे. गोदाकाठ सरांच्या प्रश्नाचे उत्तर नाही असे आहे. त्या मुलाला गाडी नाकारण्याचा अधिकार नव्हता आणि तो मागावा हे मला सुचले नव्हते. तिसऱ्या स्लॅबच्या वेळी त्याने मला रात्री पावणेआठला फोन केला होता आणि मुलीला भरवता भरवता मी त्याला गाडी परत पाठवायला सांगितले होते. त्या रात्री त्याला किती एकटे वाटले असेल ते आता लक्षात येते.

बिलिंगला सध्या नकार कळवला आहे. चाकणलाही नकार दिला, कारण मुलगी शाळेत जाईपर्यंत प्रवासाचे तीन तास मला परवडणारे नाहीत. याच साइटवर, याच पदावर आणखी एक वर्ष मागितले आहे, आणि ते पान सोबत जोडले आहे. वरिष्ठांनी ते ठेवून घेतले, अजून काही बोललेले नाहीत.

अंगणवेल ताई, तुमचा प्रश्न वाचून मी सगळ्या मुकादमांच्या याद्या एकत्र केल्या. एकूण दोनशे सात माणसे आहेत, त्यांत एकेचाळीस बायका, आणि सहा वर्षांखालची तेवीस मुले कॅम्पमध्ये मोठ्या बहिणींच्या भरवशावर असतात. माझी मुलगी कुठे असते हे मी दिवसातून दहा वेळा मनात म्हणते, पण नऊ वर्षांत ही मोजणी मी कधी केली नव्हती. पहिल्या मजल्यावरचा नमुना फ्लॅट दिवाळीनंतर रिकामा होतो आहे. त्याला दोन शौचालये आणि जाळीच्या खिडक्या आहेत. तो मागायचा असेल तर प्रस्तावात काय काय लिहावे, हे कृपया सांगा.

पुढचा स्लॅब गुरुवारी आहे आणि त्या आठवड्यात पतींची दुसरी पाळी आहे. बुधवारी चारच्या आत तपासणीच्या सह्या व्हाव्यात असे सल्लागारांना कळवले आहे आणि प्लांटला पहिली गाडी साडेसातची सांगितली आहे. गोदाकाठ सर, काम हाती देतानाचा तुमचा कागद कसा असतो?

गोदाकाठ

एकाच पानाचा आहे. वर स्लॅबचा क्रमांक, हाती देण्याची वेळ, तोवर ओतलेले आणि उरलेले घनमीटर. त्याखाली कुठल्या ग्रिडपर्यंत काम आले आहे त्याची खूण, अडचण आल्यास काम कुठल्या जागी थांबवायचे ते आधी ठरवून काढलेली रेघ, स्लम्पची (काँक्रीट किती पातळ आहे त्याच्या मापाची) मान्य मर्यादा आणि प्लांटवरून निघाल्याची वेळ तपासण्याची सूचना. शेवटी एक वाक्य : 'या वेळेनंतर गाडी नाकारण्याचा आणि काम थांबवण्याचा पूर्ण अधिकार खालील सही करणाऱ्याकडे आहे.' त्याखाली त्याची सही, तुमची सही, आणि सर्वांत महत्त्वाची म्हणजे तुमच्या वरिष्ठांची सही. ती तिसरी सही बुधवारीच घेऊन ठेवा.

अंगणवेल

प्रस्तावाचा मसुदा आज रात्री पाठवते. त्यात दूध आणि खाऊ यांच्या खर्चाचा रकाना असेल, तो रिकामा ठेवून देऊ नका, कारण खोली लगेच मंजूर होते आणि मग त्या खर्चापाशी वर्ष निघून जाते. तेवीस मुलांमध्ये दोन वर्षांखालची किती आहेत तेवढे कळवा. त्यांच्यासाठी बाई वेगळी लागते.